तेजलची बाटलीही मोजायची

"बाई बादली घेऊन आल्या. आज परत डोक्याची मंडई," पहिल्या बाकावरचा पुष्कर शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. कान शेजाऱ्याचा होता, पण ऐकू आलं यशोधराबाईंना. नववीला गणित शिकवून शिकवून माणसाचे कान असेच होतात.

"मंडईत पाणी पण लागतं रे," त्या म्हणाल्या. "आण तुझी बाटली."

बदलापूरच्या त्या शाळेत सांख्यिकीचा धडा आला की बाई आधी खडू उचलायच्या नाहीत, बादली उचलायच्या. एका रांगेतल्या मुलांनी बाटलीत उरलेलं पाणी बादलीत ओतायचं. मग तेच पाणी प्रयोगशाळेतल्या मापाने सगळ्यांना सारखं वाटायचं. प्रत्येकाच्या वाट्याला येईल तो मध्य, म्हणजे सरासरी. पुस्तकातलं सूत्र मग निमूटपणे गळी उतरायचं.

तेजलने आपली बाटली उपडी केली, तर चार थेंब पडले. ती सोनिवलीहून चालत यायची, पाणी वाटेतच संपायचं. वर्ग खिदळला.

"बाई, हिला बाहेर ठेवा ना," अनीश म्हणाला. "सगळ्यांचा मध्य वाढेल. सिंपल!"

गणित बरोबर होतं. म्हणूनच ते बाईंना लागलं. सकाळी मुख्याध्यापकांनी हेच सांगितलं होतं, फक्त जास्त शब्दांत आणि चहा पाजून. तेजल गणितात कच्ची. तिला दाखला देऊन टाकू, दहावीला बाहेरून बसू दे. वडील तुमचं ऐकतात, तुम्ही समजवा. आणि कप खाली ठेवता ठेवता, "जूनची तुमची ऑर्डरही काढायचीय ना, मॅडम?" बाई कायम नव्हत्या, तासिकेवर होत्या. दर जूनला त्यांची नोकरी नव्याने जन्माला यायची.

"वाढेल की," बाई अनीशला म्हणाल्या. "आणि ती पाणी कुठलं पिणार?"

अनीशने माप उचललं.

"वर्गात आहे ना ती? मग मोजायची. मध्य मोठा यायला पाहिजे असं कोणी सांगितलंय? खरा यायला पाहिजे. चला, वाटा पाणी."

घंटा झाली आणि शिपाई बाईंना नि तेजलला बोलवायला आला.

ऑफिसात तेजलचे वडील, हिरामण, खुर्चीच्या कडेवर बसले होते. मोरिवलीच्या कंपनीतली ड्यूटी संपवून तसेच आले होते, अंगावर वॉचमनचा शर्ट. तेजल दाराशी उभी राहिली.

"बाय, तुमी सांगाल तसं करू," हिरामण म्हणाले. "आमाला शालेतलं काय कलतं?"

"पोरीला प्रेशर नको हो," मुख्याध्यापक सर मऊ आवाजात म्हणाले. "घरी निवांत अभ्यास करेल. तिच्या भल्यासाठीच चाललंय सगळं. काय मॅडम?"

क्लार्कने उगाच ड्रॉवर उघडला आणि बंद केला. खिडकीतून गेटवरच्या फलकाची मागची बाजू दिसत होती. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते अख्ख्या बदलापूरला पाठ होतं: दहावीचा निकाल शंभर टक्के.

हिरामणनी टेबलावरचा दाखल्याचा अर्ज पुढे ओढला, खिशातलं पेन काढलं. "कुठं करू सही?"

बाईंनी तेजलकडे पाहिलं. तिच्या हातात बाटली होती, वाट्याला आलेल्या पाण्याने अर्धी भरलेली. एक घोटसुद्धा प्यायली नव्हती पोरगी.

बाईंनी अर्जावर तळहात ठेवला. जूनचा विचार मनात आला. तो आला तसा त्यांनी येऊ दिला, पण हात उचलला नाही.

"मॅडम," सर म्हणाले.

"हिरामणदादा, पेन ठेवा खिशात. तिचं भलंबिलं काही नाही यात. पोरगी दहावीला नापास झाली तर गेटवरचा तो फलक उतरवावा लागेल, म्हणून काढतायत तिला."