रंभाबाईंच्या केळीचा ताप

फोपनार गावात रंभाबाईंच्या केळीच्या बागेत भरदुपारी एवढी गर्दी, की बांधावर पाय ठेवायला जागा नाही. भगव्या लुंगीतले दिव्यनेत्र महाराज हातातलं मोबाइलएवढं यंत्र ओळीओळीवरून फिरवत होते. पडद्यावर सगळी केळी निळी, मधली एकच ओळ लालभडक! डोळ्यांनी पाहावं तर तीही हिरवीगार. लोकांनी हात जोडले. आमच्याकडे हात जोडायला वेळ लागत नाही.

“बाधा है, बाधा! भीतर आग लगी है,” महाराज गरजले. “ही ओळ आजच कापा, नाहीतर सारी बाग जाईल.”

रंभाबाईंनी हातातला कोयता पदराआड घेतला. ओळ परवाच निसवली होती, कोवळे घड नुकते बाहेर डोकावत होते.

“बाबा, निसवलेली केळ म्हणजे पोटुशी बाई. तिच्यावर कोयता कसा चालवू?” त्यांना रडू फुटलं.

“मावशी, थांब!” त्यांची भाची सुलभा पुढे आली. ती शाहपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. “महाराज, तुमची बाधा भारी शिस्तीची! ठिबकच्या एकाच नळीवरून सरळ चालते? द्या बरं यंत्र.”

तिनं ते महाराजांकडेच वळवलं. पडद्यावर त्यांचं टक्कल लालबुंद!

“अरे, महाराजमें बी घुसली!” बांधावरून शेजारचा मोतीलाल ओरडला. “आता यांना बी कापायचं का?”

हशा पिकला. तेवढ्यात सुलभानं नळीचं टोक उघडलं. आधी पांढरा क्षाराचा गाळ पडला, मग पाणी उसळलं.

“हे यंत्र फक्त उष्णता दाखवतं. गरम ते लाल, गार ते निळं. माठ पाझरतो म्हणून गार राहतो ना? पानही पाणी बाहेर सोडून गार राहतं. मुळाशी पाणी कमी पडलं, की पान आपली बारीक छिद्रं मिटतं आणि तापतं. कोमेजायच्या आधीच. या ओळीची नळी क्षारानं तुंबलीय, एवढंच.”

“मतलब, यंत्र खोटं नाही?”

“यंत्र खरं, मावशी. महाराज खोटे.”

यंत्र हिसकावून महाराज निघाले. रंभाबाईंनी हाक मारली, “परवा या हो बाबा, ओळ निळी झाली का ते दाखवायला! चहा देईन.”

ते कसले येतात! नळी साफ झाली, भिजवणं झालं. सुलभानं ओळखीच्या शेतकी शिक्षकाकडून तसलंच यंत्र आणलं. ओळ निळी होती.

तेव्हा मंडळी, कुणी लाल दाखवून घाबरवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, लाल का? रंभाबाई आता तेच विचारतात आणि मग नळी तपासायला जातात. कोयता त्यांनी जपून ठेवलाय, घड उतरवायला.