घरात बाया आल्यात

पायवाट मंडळाच्या अभिप्रायाच्या वहीत सगळ्यात सुबक अक्षर उत्तराचं होतं आणि सगळ्यात तिखट शेरेही तिचेच.

नाताळच्या सुट्टीत मंडळाची मोठी चाल निघायची. कल्याणहून पायी निघून, घाट चढून भीमाशंकर गाठायचं. आठ दिवस, सात मुक्काम. कधी देवळाची ओवरी, कधी शाळा, कधी कुणाची पडवी. जिथे पथारी पसरली त्या जागेबद्दल प्रत्येकाने वहीत चार ओळी लिहायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी जाणाऱ्याला पाणी कुठे आणि पिसवा कुठे ते कळावं. बाकीचे लिहीत, "जागा बरी. विहीर लांब." उत्तरा लिहायची, "ओवरीत ढेकूण नाहीत. थंडी त्यांनाही सोसत नसावी." परत आल्यावर मुलुंडच्या शाळेच्या एका वर्गात मंडळाची बैठक भरे, मंडळातला मधुकर ती वही वाचून दाखवी, आणि उत्तराचं पान आलं की मागच्या बाकावरची मंडळी आधीच हसायला लागत. बी.ए.ला मराठी घेतलेली, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. कौतुकाची चटक लागायला असा कितीसा वेळ लागतो.

मग लग्न झालं, नीला झाली आणि चालणं सुटलं. आता उत्तराची सगळी चाल मुलुंडच्या दोन खोल्यांत, आणि तीही नीलाच्या मागे. पोरगी खोकली की उत्तराचा हात तिच्या कपाळावर. झोपली तर श्वास चालू आहे ना ते बघायला दोनदा उठायचं. नवरा, अनंत, म्हणायचा, "अगं, ती श्वास घेते. तिला तेवढं जमतं." तो हसायचा. तिला हसू यायचं नाही.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत मधुकर एक काम घेऊन आला. वह्यांतले अभिप्राय निवडून मुक्कामांची छोटी पुस्तिका छापायची मंडळाने ठरवली होती. "तू घरीच असतेस, अक्षर चांगलं आहे, विनोद तुझेच आहेत," तो म्हणाला. "तूच कर." घरीच असतेस हे तिला जरा लागलं, पण सहाही वह्या तिने ठेवून घेतल्या. किती दिवसांनी कुणी तिच्याकडे भाजी-दुधापलीकडचं काही मागितलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात नीलाच्या पाठीवर पाण्याचे फोड उठले. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या आहेत, घाबरायचं कारण नाही. उत्तरा घाबरली. दिवसभर ती नीलाची बोटं धरून बसली, खाजवू नये म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला, तेव्हा तिने जरा बऱ्या मनाने आमटीसाठी कढल्यात तेल घातलं आणि मोहरीचा डबा उघडला.

"वैनी, ते खाली ठेवा," मागून जानकीबाई म्हणाल्या. त्या भांडी घासायला यायच्या. मुरबाडच्या बाजूच्या, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला कारखान्यात काम लागलं म्हणून भांडुपला आलेल्या.

"का हो?"

"घरात बाया आल्यात ना. फोडणी नाय द्यायची. बायांना तडतड नाय सोसत."

उत्तराच्या हातात मोहरीचा डबा तसाच राहिला. "कोण आलंय?"

"ह्या काय, पोरीच्या अंगावर. तुमी कांजण्या म्हणता. आमच्याकडं नाव नाय घेत. बाया आल्यात म्हणायचं. ह्या धाकट्या. पोराला खाजवत ठेवत्यात आनि जात्यात आपल्या वाटेनं. मोठ्या आल्या तर..." जानकीबाईंनी राखेचे हात तसेच जोडले. "डागतर देवी म्हणत्यात, त्या."

"मग मोठ्या आल्या तर काय करता तुम्ही?"

"काय करनार? फोडणी नाय, तळण नाय. भायेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत नाय घ्यायचा. आलाच कोनी तर त्याच्या हातात काय नाय द्यायचं. खाली ठेवायचं आनि लांब व्हायचं. त्याला लागू नये म्हनून वो. त्याची बी पोरंबाळं असत्यात."

उत्तराने डबा मिटला, चूल मंद केली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बावन्न सालची वही काढली. शोधावं लागलं नाही. ते पान तिला तोंडपाठ होतं. मंडळातल्या सगळ्यांनाच होतं.

"मुक्काम चौथा. उंबरवाडी, धाकूचे घर," तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं. "यजमानीणबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घरात बाया आल्यात, बाहेरच राहा. आम्ही अकरा जण गोठ्याशेजारी राहिलो. रात्रभर कान देऊन ऐकले. आतून एकाही बाईचा आवाज नाही. इतक्या अबोल बाया महाराष्ट्रात असतील तर मंडळाने त्यांचे पत्ते मिळवावेत, पुष्कळ अविवाहित सभासदांची सोय होईल. भाकरी अशी दुरून दगडावर ठेवण्यात आली, जणू आम्हीच महारोगी. भाजीला फोडणीचीही कंजुषी. पुढील वर्षी येथे मुक्काम करू नये."

वाचून दाखवलं तेव्हा शेजारच्या वर्गातले लोक डोकावून गेले होते, इतके सगळे हसले होते. आणि मंडळाने खरंच मुक्काम हलवला, पुढच्या गावच्या शाळेत. 'बाया आल्यात' हा मंडळात परवलीचा शब्द झाला. कुणाला वर्गणी द्यायची नसली की बाया आल्यात, कुणाची बायको फिरायला सोडत नसली की बाया आल्यात.

पण उत्तराला आता हसू आठवत नव्हतं. तिला ती संध्याकाळ आठवत होती. अंगणात तीन दगडांची चूल मांडून ती बाई भाकऱ्या थापत होती. अकरा माणसांच्या, म्हणजे वीस-बावीस तरी. मध्येच उठून आत जायची, हात धुऊन परत यायची. तिचा नवरा धाकू उंबऱ्यावर चौकटीला पाठ टेकून बसला होता. ती बाई अवघडून उभी राहते, सारखी आत कुणाकडे तरी जाते, हे उत्तराने पाहिलं होतं. पाहण्यात ती कधीच कमी नव्हती. पाहिलेल्याचा तिने विनोद केला होता, एवढंच.

आत काय झालं असेल? कोण होतं आत? बरं झालं का? हे कुणाला विचारावं, तेच तिला सुचेना.

रविवारी सकाळी मधुकर पानं न्यायला आला. तिने दार अर्धंच उघडलं.

"आत नको येऊस. बाहेरूनच बोल."

"का गं? तुझ्याकडेपण बाया आल्यात की काय?"

"हो," उत्तरा म्हणाली.

मधुकर मनापासून हसला. बँकेत कारकून होता, मनाने चांगला माणूस. कुणाच्या घरी आजारपण असलं की औषध आणायला पहिला धावायचा. "बरं झालं आठवण काढलीस," कठड्याला टेकत तो म्हणाला. "उंबरवाडीच्या पानाखाली पुढची हकीकत घाल. तुला सांगितलीच नाही वाटतं मी? तुझ्या लग्नाच्या गडबडीत राहिली असेल."

"कसली हकीकत?"

"अगं, पुढच्या वर्षी आपण तिथे मुक्काम नाही केला, पण वाट तिच्या अंगणातूनच जाते ना. आपला सहदेव तोंडाचा फटकळ. त्यानं साळसूदपणे विचारलं, काय मावशी, बाया गेल्या का? ती पाखडत बसली होती. सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि म्हणाली, गेल्या. पोरीला घेऊन गेल्या."

उत्तरा हसली नाही. मधुकरला वाटलं, तिला विनोद कळला नाही.

"म्हणजे बघ, बाया मुक्या तर मुक्या, वर जाताना हिची पोरगीपण घेऊन गेल्या. ओढा ओलांडेपर्यंत आम्ही कसाबसा दम धरला. तिच्यासमोर नाही हसलो हं, तेवढी रीत आहे आम्हाला. मग तो नेमच झाला. दर नाताळात विचारायचं, बाया गेल्या का. ती दर वर्षी तेच सांगते, तितक्याच गंभीरपणे. यंदा तर तिनं बसवून घेतलं, गूळपाणी दिलं. म्हणाली, वाडीत आता कोनी नाव नाय काढत. तुमीच तेवढी दरसाल इचारता."

आतून नीलाने हाक मारली. उत्तरा आत गेली, तिच्या अंगावरची चादर नीट केली, खाजवायला निघालेला हात धरून पोटावर ठेवला. पोरीचा हात गरम नव्हता. तरी तिने तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग बाहेर आली आणि जानकीबाईंनी जे सांगितलं होतं ते तिने मधुकरला सांगितलं. मोहरीपासून सगळं.

मधुकर कठड्यापासून सरळ झाला.

"चार वर्षं," तो म्हणाला. "चार वर्षं आम्ही त्या बाईला..."

"हो."

"पण त्यात तुझी काय चूक? तुला काय माहीत, बाया म्हणजे काय ते?"

"विचारायचं होतं ना. तिथेच समोर उभी होती ती. बाया म्हणजे कोण हो, एवढंच विचारायचं होतं. तिनं सांगितलं असतं. शब्द कळला नाही असं मला वाटलंच नाही, मधुकर. मला वाटलं, ती खोटं बोलतेय."

"ते पान आपण वगळू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"वगळायचं नाही. मी दुसरं लिहून देते. आणि एक कर. यंदाच्या नाताळात जाल तेव्हा तिला विचारा."

"आता? आता काय विचारणार?"

"तेच. फक्त पोटात हसू ठेवून नाही. तिला वाटतंय तुम्ही पोरीची चौकशी करता. मग करा चौकशी. पोरीचं नाव काय होतं ते विचारा. केवढी होती ते विचारा."

मधुकरने मान हलवली. जाताना तो चौकशी करायला विसरला नाही. "नीलाला काही लागलं तर सांग," म्हणाला. पण जिना उतरताना त्याच्या पायांचा नेहमीचा धडधड आवाज आला नाही.

ते एक पान लिहायला उत्तराला तीन दिवस लागले. पहिल्या दोन खर्ड्यांत तिला स्वतःचाच राग आला, कारण त्यांतही वाक्यं सुरेख वळत होती. शेवटी जे उरलं ते एवढंच: "उंबरवाडी, धाकूचे घर. डिसेंबर १९५२ मध्ये या घरात लहान मुलीला देवी आल्या असताना घरच्या बाईने अकरा परक्या माणसांना स्वतः रांधून जेवू घातले, आणि त्यांना आजार लागू नये म्हणून घराबाहेर ठेवले. ती मुलगी पुढे त्यातच गेली. मंडळाच्या वहीत या घराविषयी पूर्वी लिहिलेला मजकूर चुकीचा व अन्यायाचा होता. तो मी लिहिला होता." खाली तिने पूर्ण नाव घातलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

आपण स्वतः जायला हवं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मुरबाडपर्यंत मोटार, पुढे एका दिवसाची चाल. काही जगाच्या टोकाला नव्हतं. पण आधी नीलाच्या खपल्या पडायच्या होत्या. मग उन्हाळा कडक, मग पाऊस, ओढे भरलेले. दिवाळीनंतर नक्की, असं तिने अनंतला सांगितलं, आणि दिवाळीनंतर नीलाला खोकला झाला. खोकला खराच होता. पण तो झाला तेव्हा आपल्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. त्या बाईसमोर धडधाकट पोर घेऊन उभं राहायचं, की पोर घरी ठेवून? आणि काय सांगायचं? तुमची विचारपूस म्हणजे आमची थट्टा होती, हे? ज्या एका चौकशीवर ती वर्ष काढते, तीही काढून घ्यायची? मंडळी जातील, नाव विचारून येतील, तेच बरं, असं तिने मनाशी ठरवलं आणि डिसेंबरचे शेवटचे दिवस मोजत राहिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मधुकर तिळगूळ घेऊन आला. या वेळी तो आत येऊन बसला. नीला त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या खिशातलं पेन काढू लागली.

"विचारलंत?" चहा ठेवायच्या आधीच उत्तराने विचारलं.

मधुकरने पेन नीलाच्या हातून सोडवून घेतलं, टोपण लावलं. "आम्ही त्या वाटेनं गेलोच नाही गं."

"म्हणजे?"

"पुस्तिका सगळ्यांनी वाचली होती. ते पान तर सगळ्यांनीच. पायथ्याशी पोचलो आणि सहदेव बसलाच खाली. म्हणाला, कोणत्या तोंडानं जायचं तिच्या दारात? सगळ्यांना तेच वाटत होतं. मलाही. मग पलीकडच्या खिंडीनं चढलो. दोन मैल जास्त पडले."

त्याला रागावण्याइतकं तोंड उत्तरालाही नव्हतं. ती चहा टाकायला आत गेली. नाताळचे दिवस म्हणजे तिकडे भाताची झोडणी उरकलेली असणार. बाई अंगणात पाखडत बसली असेल. अकरा माणसं टाचा आपटत चढून येतात तो आवाज लांबून ओळखू येतो. तिने एक दिवस वाट पाहिली असेल, मग दुसरा. गूळ काढून ठेवला असेल. यंदा उशीर झाला, उद्या येतील, असं धाकूला म्हणाली असेल.

"पण पान फार चांगलं लिहिलंयस हं," बाहेरून मधुकर म्हणाला. "सगळे म्हणत होते."

उत्तराने दूध नासलंय का ते वास घेऊन पाहिलं आणि मग चहात घातलं.