शोभेचा माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. सध्या मला एकच काम उरलं आहे, ते म्हणजे फोटोत बरं दिसण्याचं. लग्नाच्या दिवशी मला मऊ फडक्याने पुसतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि स्टेजच्या कोपऱ्यात उभं करतात. लोक माझ्याशेजारी येऊन हसतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी जेवणाच्या पंगतीकडे वळावं.

मी मुंबईत एका दुकानाच्या कपाटात पडून होतो. अंबाजीने मला तिथून विकत घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसवलं. अख्ख्या प्रवासात त्याने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. अंबाजीचे वाडवडील मिठागरात राबलेले. मिठागरं गेली तशी त्याने बांबू, कापड आणि दोन भोंगे जमवून मांडवाचा धंदा सुरू केला. खाडीकाठच्या आठ-दहा गावांत ‘अंबाजी मंडप’ म्हटलं की लोक निर्धास्त व्हायचे.

काय काय बोललो मी त्या वर्षांत! कबड्डीच्या सामन्यांत गुण ओरडून सांगितले. जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारली, आणि एकदा तर हरवलेल्या नवरदेवाचंही. तो बिचारा मामाबरोबर आंघोळीला गेला होता. खारी हवा लोखंड खाते, म्हणून अंबाजी मला रात्री बिस्किटांच्या डब्यात कोरड्या कापडात ठेवायचा. माझ्यात शिरलेला आवाज त्याच क्षणी भोंग्यातून बाहेर पडायचा. माझ्यापाशी काहीच शिल्लक राहायचं नाही, आणि त्याचं मला कधी दुःखही नव्हतं.

पण ज्या आवाजासाठी मी जन्मलो असं मला वाटे, तो आवाज कमळआत्याचा. ती अंबाजीची चुलत बहीण आणि गावची धवलारीण. तुम्हा शहरातल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. आमच्याकडे आगरी लग्नात धवले गायले जातात, आणि ते गाते ती धवलारीण. मांडव उभा करण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो. तिने सूर लावल्याशिवाय हळदीच्या वाटीला कोणी बोट लावत नसे. आमदार येऊन बसला तरी आधी आत्याला पाट मिळायचा. अंबाजी तर तिच्या तोंडून पहिली ओळ ऐकल्याशिवाय पहिला बांबू रोवत नसे.

आत्या गाताना नावं घ्यायची. नवरीचं, तिच्या आईचं, आजीचं, वारलेल्या पणजीचंसुद्धा. नाव आलं की त्या घरातली बाई पदर डोळ्यांना लावायची. आत्याचे दोन हट्ट होते. मांडवाशिवाय गायचं नाही, आणि कोणी मोबाईल पुढे केला तर गाणं तिथेच थांबवायचं.

“एका नवरीचा धवला दुसरीला कसा चालंल?” ती म्हणायची. “कोनाचं उष्टं लुगडं कोनाला नेसवता काय?”

अंबाजी गेला आणि धंदा त्याच्या मुलाकडे, दिपेशकडे आला. दिपेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कारकून होता. नोकरी सोडून तो मांडवात उतरला तेव्हा दिवस बदलले होते. नवी मुंबईच्या मोठ्या इव्हेंटवाल्यांनी गावं व्यापली होती. त्यांच्याकडे चकचकीत फोटो होते, ड्रोन होते, धुराचे फवारे होते. दिपेशकडे बांबू होते आणि मी होतो. एका उन्हाळ्यात त्याच्या वाट्याला फक्त तीन लग्नं आली. पोरगा वाईट नव्हता, मित्रांनो. घाबरलेला होता.

मग त्याची बायको मृणाली म्हणाली, “अरे, लोकांना आपल्याबद्दल कळायला तर पाहिजे! पॉडकास्ट करू या. रील्स टाकू या. सगळे तेच करतायत.”

गोदामात एका कोपऱ्याला चटई लावून ‘मांडवाखाली’ नावाचा पॉडकास्ट सुरू झाला. मला डब्यातून बाहेर काढून टेबलावर बसवलं तेव्हा माझी छाती फुगली. म्हटलं, चला, म्हातारपणी पुन्हा बोलायला मिळतंय! तेवढ्यात दिपेशने माझी वायर मागून काढली आणि रिकाम्या खोबणीवर कापड सारलं. माझी पिन त्याच्या नव्या यंत्राला बसत नव्हती. खरा आवाज घेणार होता करंगळीच्या पेराएवढा एक कॉलर माईक. मी फक्त टेबलाची शोभा होतो.

पहिला भाग सतरा जणांनी ऐकला, त्यातल्या दिपेशच्या सासूने दोनदा. ‘मांडवाचा बांबू कसा निवडावा’ हा दुसरा भाग तर सासूनेही अर्ध्यावर सोडला. दिपेश रोज सकाळी मोबाईल उघडून आकडा बघायचा आणि मोबाईल उलटा ठेवायचा. एके दिवशी मृणालीच म्हणाली, “आत्यांना बोलव ना. त्यांच्यासारखा आवाज आहे कोणाकडे?”

“ती रेकॉर्ड करू देणार नाय.”

“विचारून तर बघ.”

दिपेशने विचारलं. पण कसं विचारलं, तेच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

त्याने गोदामात चार बांबू रोवून छोटा मांडव घातला, आंब्याचे टहाळे बांधले, माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मग आत्याला घेऊन आला. आत्या उंबऱ्यात थांबली आणि मांडवाकडे बघत राहिली.

“कोनाचं लगीन?”

“लगीन नाय, आत्या. बाबांचा धंदा बुडत चाललाय. तू दोन धवले गायलीस तर लोक ऐकतील, आपल्याकडे येतील. रेडिओवर गातात तसं समज. गायलीस की गेलं हवेत.”

“साठवनार तर नाय ना कुठं?”

दिपेशने माझ्याकडे बोट दाखवलं. “हा बघ, बाबांचाच माईक. ह्याच्यात काय साठतंय?”

आत्या जवळ आली. माझ्या जाळीवरून तिने बोटं फिरवली. मला ती चांगली ओळखत होती. पंचवीस वर्षं तिचा आवाज मी झेलला आणि सोडून दिला, त्यातला एक शब्दही कधी ठेवून घेतला नाही. माझ्यावरचा तो विश्वास तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होता. आणि माझ्या गळ्यातल्या झेंडूच्या माळेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुलाच्या मधे, तो करंगळीच्या पेराएवढा माईक लपवलेला होता.

मला ओरडावंसं वाटलं. पण माईक स्वतःहून कधी बोलत नाही.

“नाव कोनाचं घेऊ?” आत्याने पाटावर बसत विचारलं.

“नावं नको. नुसतं नवरीबाय म्हण.”

“बिननावाचा धवला? असा कधी गायला नाय मी.” ती घुटमळली. मग चार बांबूंकडे बघून म्हणाली, “अंबाजीसाठी गातंय हां मी.”

आणि ती गायली. दोन म्हणता म्हणता पाच धवले गायली. मृणाली दाराशी उभी राहून ओढणीने डोळे पुसत होती. तिने नंतर दिपेशला म्हटलंसुद्धा, “सांगायला हवं होतं रे त्यांना.” दिपेश म्हणाला, “सांगू नंतर.” हा ‘नंतर’ आमच्या गोदामात अजून उगवलेला नाही.

पुढचं काय सांगू? त्या भागाने धमाल उडवली. आत्याचा फोटो आणि खाली तिचा आवाज, असे रील्स लाखांनी बघितले गेले. मुंबईचे लोक रो-रो बोटीने मांडव्याला उतरून समुद्राकाठच्या बंगल्यांत ‘अस्सल आगरी लग्न’ मागू लागले. दिपेशचा फोन खाली राहीना. सुरुवातीला दोन लग्नांत त्याने आत्याला नेलंही. पण ती एकेका धवल्याला अर्धा तास घ्यायची, नवरीच्या पणजीचं नाव विचारत बसायची, आणि पाहुण्यांची जेवणं खोळंबायची. रेकॉर्डिंग मात्र बटण दाबलं की सुरू आणि दाबलं की बंद. त्यात नावच नव्हतं, त्यामुळे ते कुठल्याही नवरीला चालत होतं.

मग पॅकेज निघालं. मांडव, फुलं, लाईट आणि ‘कमळआत्यांचे धवले मोफत’. आधी बंगलेवाल्यांनी घेतलं, मग खुद्द आमच्या गावांनी. स्वस्त पडतं आणि वेळ वाचतो, असं लोक म्हणायचे.

पुढच्या वैशाखात आत्या गोदामात आली. घडीचं लुगडं नेसून आली होती.

“दिपेश, मना यंदा कोनी बोलवलं नाय र,” ती म्हणाली. “माझं काय चुकलं काय?”

“चुकलं कसलं! तू फेमस हायस आता, आत्या. पार मुंबईपर्यंत.”

“मंग माझ्या दारात कोन कसं येत नाय?”

दिपेश खुर्चीतून उठला, कपाटातून शाल काढून तिच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि मोबाईल समोर धरून म्हणाला, “हस ना जरा.” त्या सत्काराचाही रील झाला. आत्या हसली नव्हती, म्हणून मृणालीने तो टाकू नको म्हटलं होतं. तरी तो टाकला गेला. आपला आवाज चोरीला गेलाय हे त्या दिवशीही आत्याला कोणी सांगितलं नाही. ती नारळ घेऊन खाडीच्या बांधाने घरी गेली.

तिला ते कळलं जागृतीच्या हळदीला. जागृती आमच्याच गावातली. तिच्या आईच्या, सुचिताच्या लग्नात आत्यानेच धवले गायले होते, आणि ते मीच गावभर पोचवले होते. यावेळी आत्याला पत्रिका गेली, पाहुणी म्हणून. ती तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी स्टेजच्या कोपऱ्यात माळ घालून उभा होतो.

हळदीची वाटी आली आणि स्पीकरमधून आत्याचा आवाज निघाला.

आत्या दचकून उभी राहिली. आधी तिने माझ्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे बघून कौतुकाने हसत होत्या. “आत्या, तुझंच हाय गो!” कोणीतरी म्हणालं. जागृतीच्या गालाला हळद लागत होती आणि स्पीकर मांडव रोवायचा धवला गात होता. क्रम चुकला होता. ते त्या मांडवात एकाच बाईला कळलं.

ती थेट दिपेशकडे गेली. “हा तो धवला नाय. हलदीचा नाय हा.”

“आत्या, लोकांना कुठं कळतंय?” दिपेश हळूच म्हणाला.

“मना कलतंय ना.” मग तिने माझ्याकडे बोट केलं. “तू तर बोल्लास, साठत नाय.”

दिपेशने मान खाली घातली. तेवढ्यात जेवणवाल्याने हाक मारली आणि सुटका झाल्यासारखा तो तिकडे पळाला.

आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी चालू आहे असंच तिला वाटत होतं. “बंद करा ते,” ती माझ्यात बोलली. “जागृतीचा धवला मी आथा गातंय.” आणि डोळे मिटून तिने हळदीचा धवला सुरू केला. त्यात जागृतीचं नाव होतं, सुचिताचं होतं, सुचिताच्या आईचंही होतं. एकेक शब्द माझ्या जाळीवर येऊन आपटत होता, आणि माझ्या पाठीत वायर नव्हती. तिच्या त्या साठवलेल्या आवाजाने तिचा जिवंत आवाज पार गिळून टाकला. दोन हातांवरच्या माणसालाही काही ऐकू गेलं नसेल. मी एकट्याने ऐकलं, आणि मी ते कोणापर्यंत पोचवू शकलो नाही.

समोर पंधरा-वीस मोबाईल वर झाले. यावेळी ती थांबली नाही, कारण तिचे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा तिला सगळं दिसलं. स्पीकर गातच होता. तिने ओठ मिटले, पदर सावरला आणि न जेवता निघून गेली.

संध्याकाळी कोणीतरी रील टाकला. ‘स्वतःच्याच गाण्यावर ओठ हलवणारी गोड आजी.’ तो आजवरचा आमच्या मांडवातला सगळ्यांत जास्त बघितला गेलेला रील आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी विनवणी करायची असते, की आम्हाला फेकू नका, आमची निगा राखा. माझी निगा उत्तम आहे. इतकी निगा मला अंबाजीच्या वेळीही नव्हती. म्हणून माझ्यासाठी मी काहीच मागत नाही. तुमच्या हातात मोबाईल आहे, उद्या तुमचाही धंदा असेल, तुम्हालाही लोकांपर्यंत पोचायचं असेल. जरूर पोचा. पण ज्याचा आवाज घ्याल त्याला खरं सांगून घ्या, आणि तो नको म्हणाला तर हात मागे घ्या. आणि तो माणूस जिवंत असेल तर त्याच्या दारात जाऊन त्याला बोलवा.

या वैशाखात आमच्या गावात चार लग्नं आहेत. चारही ठिकाणी आमचंच पॅकेज गेलंय. चारही मांडवांत कमळआत्या गाणार आहे, आणि एकाही लग्नात गायला तिला कोणी बोलावलेलं नाही.