नसलेला शब्द

पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे पोपट म्हणायचे. पुस्तक हातात दिलं की धडा घडाघडा म्हणायची. बोट ओळीखालून सरकवायची, पान नेमक्या वेळी उलटायची, प्रश्न आला की आवाजही चढवायची. तिची आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची पोरगी वाचते हो, फाडफाड!"

वर्गाच्या बाई नव्या होत्या. एके दिवशी पोपटाच्या पुस्तकातली दोन पानं डिंकाने चिकटलेली होती. तिने ती एकदमच उलटली आणि आत अडकलेला मजकूरसुद्धा न अडखळता म्हणून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचं लक्ष मात्र त्या चिकटलेल्या पानांवर होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर 'मका' लिहिलं. "हे काय गं?"

"मगरीचा... कमळाचा..." पोपटाचं तोंड एवढंसं झालं. "बाई, याचं चित्र कुठंय?"

मग बाईंनी एकेकाला जवळ बोलावलं. बावीसपैकी सतरा जणांची तीच गत. बाराखडी तोंडपाठ, वाचनाच्या नावाने भोपळा.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटात गेली. "मगर नको, मडकं नको," बाई म्हणाल्या, "नुसता म. ओठ मिटा आणि सोडा." एक हातआरसा वर्गभर फिरला. जो तो आपले ओठ बघून हसू लागला. 'क' म्हणताना गळ्याला बोटं लावायची, 'ल' म्हणताना जीभ कुठे टेकते ते सांगायचं. पाच अक्षरं आणि एक काना, एवढाच संसार. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर बाईंनी ती अक्षरं लिहून दिली.

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. शाळा त्यांच्या शब्दावर चालायची. "शेजारचा वर्ग दहाव्या धड्यावर आहे आणि तुम्ही अजून पाच अक्षरांवर? पालक माझ्या डोक्यावर बसलेत."

"त्यांना धडा येतो, अक्षर येत नाही," बाई म्हणाल्या.

"दीड महिना देते. मग मी स्वतः येऊन बघेन. जमलं नाही, तर पुस्तकं बाहेर."

त्याच संध्याकाळी पोपटाची आई आली. "बाई, आधी यायचं तेही गेलं हो पोरीचं. पुस्तकाला हात लावत नाही."

"ताई, ते वाचणं नव्हतं. पाठ होतं."

"म्हणजे मी लोकांना खोटंच सांगत होते?"

"खोटं नाही. जरा लवकर सांगितलंत."

सगळ्यात जड गेलं ते पोपटालाच. तिची जीभ डोळ्यांच्या पुढे धावायची. 'म' दिसला की मगर, मामा, मासा, काहीही ठोकून द्यायची. एकदा तिने सगळे पुठ्ठे बाकाखाली भिरकावले आणि हुंदके देत म्हणाली, "मला आधी वाचता यायचं!" बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, एकेक पुठ्ठा गोळा केला आणि समोर तीनच मांडले: न, काना, क.

"घाई नको. फक्त आवाज जोड."

"न... ना... नाक." ती थांबली. हात आपोआप नाकावर गेला. "नाक?"

बाईंनी न आणि क यांची अदलाबदल केली. काना होता तिथेच राहिला.

"का... न. कान!" पोपट ताडकन उठली. "बाई, तेच पुठ्ठे! तेच आहेत, आणि कान झाला!"

त्या दिवसापासून ती पुठ्ठे सोडेना. काम, माल, लाल, मान. शब्द जुळला की शेजारणीला ओढून आणायची. इतर मुलंही मागे राहिली नाहीत. नवी अक्षरं येत गेली, वेलांट्या आल्या, उकार आले.

ठरल्या दिवशी मोठ्या बाई आल्या. त्यांनी आधी साधे शब्द लिहिले. वर्गाने ते वाचले. त्यांचा संशय काही फिटेना. "हेही पाठ केलं असेल," असं म्हणत त्यांनी क्षणभर विचार केला, फळा पुसला आणि एकच शब्द लिहिला. मग खडू पोपटाकडे रोखला. "तू गं. वाच."

बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"ट... मा... कू... ल." पोपटाने डोळे बारीक केले, पुन्हा पहिल्या अक्षरापासून आली. "टमाकूल!" मग कपाळाला आठ्या. "मोठ्या बाई, टमाकूल म्हणजे काय?"

"काही नाही. आत्ताच मी बनवला."

"मग असा शब्दच नाही?"

"नाही."

"अय्या!"

"जो शब्दच नाही, तो तू वाचलास कसा?"

पोपटाला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही लिहिलाय ना! म्हणून."

मोठ्या बाईंनी खडू खाली ठेवला. पुन्हा उचलला. 'लटीपू' लिहिलं, बावीस तोंडांतून एकदम 'लटीपू' आलं आणि हशा पिकला. मग 'मुकनार', 'पिरला'. मुलं ओरडत होती, "अजून एक! अजून एक!" घंटा झाली तरी कुणी हललं नाही, आणि मोठ्या बाईंच्या साडीवर खांद्यापर्यंत खडू उडाला होता. जाता जाता त्या बाईंना हळूच म्हणाल्या, "उद्या शेजारच्या वर्गातही या. त्यांनाही हेच शिकवा. मीही बसेन मागच्या बाकावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटाच्या आईला कामावर पोचायला अर्धा तास उशीर झाला. मालकीण कपाळाला आठ्या घालून दारात उभी.

"काय करू, ताई," आई धापा टाकत म्हणाली, पण चेहऱ्यावरचं हसू काही लपेना. "रस्त्यात एक पाटी सोडली नाही हो तिने. एकसुद्धा नाही!"