बारा मिनिटं पुढे

“मॅडम, ते स्वॅपचं सेटिंग बंद केलं का? तिन्ही मशीनवर?”

फोन स्पीकरवर होता आणि पाण्याच्या स्टीलच्या गडव्याला टेकून उभा होता. प्रियदर्शनी वानखडेनं वहीत बोट ठेवून ओळ शोधली. “दोन नव्यांवर केलं. जुनं अजून चालूच आहे ना, त्याला हात नाही लावला.”

“बरोबर. ते शेवटी पुसायचं.”

पुसताना काही चुकलं तर, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता. गेला आठवडाभर हेच चाललं होतं. भाजी चिरताना, वेणी घालताना मधेच आठवायचं आणि हात थांबायचे.

एकवीस वर्षांपूर्वी टायपिंगच्या सर्टिफिकेटवर ती अमरावतीच्या या रक्तपेढीत लागली. ट्रस्टची पेढी. संगणक विभाग अशी पाटी दारावर होती खरी, पण विभाग म्हणजे ती एकटीच. एक जुना सर्व्हर, त्यावर एक जुनं सॉफ्टवेअर, आणि ते रुसलं की त्याची समजूत काढायला प्रियदर्शनी. आता पुण्याच्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर येणार होतं. ते तीन मशीनवर मिळून चालणार होतं. कंपनीचा यशोधन मूळचा इथलाच, त्यानं फोनवर समजावलं होतं, “मॅडम, प्रत्येक काम आपापल्या डब्यात. रक्तदात्यांचा डबा वेगळा, पिशव्यांचा वेगळा. एक मशीन बसलं की त्याचे डबे दुसरं मशीन उचलतं.” हे तिला लगेच कळलं होतं. तिची झोप उडाली होती ती त्याआधीच्या तयारीनं. मशीनना नावं द्या, वाटा उघडा, किल्ल्या बनवा, हत्यारं बसवा, सगळ्यांवर एकच आवृत्ती ठेवा. आणि सगळं नीट झालं की जुना सर्व्हर कोरा करून त्याला तिसरा गडी म्हणून उभा करा. दोनशे पानी वहीत तिनं एकेक कमांड लिहून, खाली मराठीत उच्चार लिहून ठेवला होता. या बाईला एकवीस वर्षांत वहीशिवाय काही करताना कोणी पाहिलं नव्हतं.

तिनं आपल्या टेबलावरच्या संगणकात प्रमाणपत्र तयार केलं आणि नव्या मशीनवर पाठवलं. या प्रमाणपत्रावरूनच मशीन एकमेकांना ओळखणार होती. पडद्यावर लाल ओळ आली.

“यशोधन, ते नाही म्हणतंय.”

“काय लिहिलंय?”

तिनं अक्षर अक्षर वाचून दाखवलं.

“म्हणजे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, असं म्हणतंय. आत्ता बनवलंत ना?” मग त्यानं विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे किती वाजलेत?”

तिनं भिंतीकडे पाहिलं, मग संगणकाकडे. “दहा बावन्न.”

“माझ्याकडे दहा चाळीस.” तो हसायला लागला. “अहो, तुम्ही भविष्यात बसलाय! नव्या मशीनची वेळ बरोबर आहे, त्यांना वाटतंय हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचंय. तुमचा संगणक वेळ घेतो कुठून?”

“जुन्या सर्व्हरकडून. इथले सगळेच संगणक त्याच्याकडून घेतात.”

“मग संगणकाची वेळ दुरुस्त करा, प्रमाणपत्र पुन्हा काढा. किरकोळ आहे. मी चहा घेऊन येतो.”

तीसुद्धा हसली. हसण्यासारखंच होतं. भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे, हे पेढीत कोणाला ठाऊक नव्हतं? जुने व्यवस्थापक वामनराव यांची ती करामत. माणसं वेळेवर यावीत म्हणून त्यांनी काटा पुढे ढकलला. पुढे सर्व्हर आला तेव्हा म्हणाले, “भिंतीवर एक टाइम अन् मशीनमंदी दुसरा, असं नाई चालत. मिळवून टाका.” तिनं मिळवून टाकला. वामनराव गेले, त्यांचा फोटो हार घालून भिंतीवर लागला, आणि त्याच्या शेजारी घड्याळ तसंच पुढे चालत राहिलं. सगळे त्याला पेढीचा टाइम म्हणत. शिपाई डोमाजी चांदूर रेल्वेहून एसटीनं येई; तोसुद्धा निघताना भिंतीकडे बघायचा, मनात बारा वजा करायचा आणि आरामात पिशवी भरायचा.

वेळ दुरुस्त करायला तिनं पडद्यावर घड्याळाची खिडकी उघडली. बावन्नचे चाळीस केले. आणि बोट तसंच राहिलं.

बारा मिनिटं.

सीमा.

 

दोन वर्षांपूर्वी कौंडण्यपूरकडची एक बाळंतीण शहरातल्या एका दवाखान्यात अडली होती. दवाखान्यातून रक्तासाठी फोन आला. ड्यूटीवर तंत्रज्ञ सीमा तायडे होती. तिनं रक्त जुळवून पाहिलं, पिशवी दिली. बाळ वाचलं, आई गेली. नातेवाईक पेढीत आले, आरडाओरडा झाला, पेपरात आलं. चौकशी बसली. दवाखान्याच्या वहीत फोनची वेळ होती तीन दहा. पेढीच्या संगणकात पिशवी दिल्याची वेळ होती तीन छत्तीस. सव्वीस मिनिटं. पेढीचा नियम पंधरा मिनिटांचा.

चौकशीत सीमा आधी म्हणाली होती, “मी लवकर देल्ली साहेब.” मग तिच्यापुढे कागद सरकवला. तिनं तो बराच वेळ पाहिला. “मशीन कायले खोटं बोलन? दोनदा तपासलं मी. थांबली असन मीच.” आणि ती रडायला लागली. ठपका तिच्यावर आला, नोकरी गेली.

प्रियदर्शनीला त्यांनी आत बोलावून एकच विचारलं होतं, संगणकाची वेळ बरोबर आहे का? तिनं मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन्ही जुळत होती. “हो साहेब,” ती म्हणाली, आणि तसं लिहून दिलं. घरी जाताना पेढीतला प्रत्येक माणूस बारा मिनिटं वजा करत होता. चौकशीच्या टेबलाभोवती पाच शहाणी माणसं त्याच घड्याळाखाली बसली होती, आणि एकानंही वजा केली नाहीत.

तीन छत्तीस म्हणजे तीन चोवीस. सीमानं चौदा मिनिटांत रक्त दिलं होतं.

तिनं कसंबसं प्रमाणपत्र पुन्हा काढून पाठवलं. साडेअकराला ट्रस्टचे सचिव किसनराव आले. उद्या नव्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन होतं. “झालं काय बाई? पाहुणे सकाळी दहालेच येऊन राहिले.”

“साहेब,” ती म्हणाली, “सीमाच्या केसमंदी टाइम चुकला होता.”

“कोन्ता टाइम?”

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. किसनरावांनी घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. माणूस हुशार. पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं.

“कोनाले सांगतलं?”

“अजून कोनालेच नाई.”

“मंग सांगू नका. ते मशीन आज पुसायचंच आहे ना? पुसा.”

“अन् सीमा?”

“सीमा अकोल्याले चांगली राहून राहिली. कायले उकरता? ते मेलेली बाई तर वापस येत नाई ना?” मग आवाज आणखी खाली आणून, जवळजवळ मायेनं ते म्हणाले, “अन् फाइलीतल्या त्या कागदावर सही कोनाची आहे? संगणकाची वेळ बरोबर आहे म्हनून?”

“माही.”

“हां. उद्या पेपरवाले तुमाले इचारतीन, मले नाई. घाबरू नका. घाबरलं का हात चुकते. पुसा अन् मोकळ्या व्हा.”

ते गेले. ती खुर्चीत बसली. नोकरीची नऊ वर्षं बाकी होती, घरात मिळवणारी ती एकटी. पेपरात फोटो येईल. शेजारच्या बाया दारात थांबून कुजबुजतील. एका नातेवाइकानं सीमाच्या अंगावर चप्पल भिरकावली होती, ती तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

“मॅडम, आहात ना?” यशोधन परत आला होता. “नवं प्रमाणपत्र मस्त लागलं. दोन्ही मशीन एकमेकांना दिसतायत. आता जुनं. त्यातल्या माहितीची नक्कल कालच घेतलीय. पुसायची कमांड पाठवलीय. ते विचारेल, खरंच पुसायचं का? येस लिहा आणि एंटर.”

तिनं कमांड लिहिली. मशीननं विचारलं. मशीनची रीतच चांगली, पुसण्याआधी विचारतं तरी. तिनं पहिलं अक्षर दाबलं. दुसरं दाबलं. तिसऱ्यावर बोट टेकलं. एवढं एक अक्षर, मग एंटर, आणि सगळं कोरं. कोणाला कधी कळणार नाही. जुन्या सर्व्हरसकट ती बारा मिनिटं जातील, आणि तिची सही जन्मभर बरोबर राहील.

तिला सीमाचा तो आवाज ऐकू आला. थांबली असन मीच.

तिनं दोन्ही अक्षरं खोडली.

“यशोधन, दोन मशीनवर चालतं का?”

“चालेल, पण एक बसलं तर सगळा भार दुसऱ्यावर. तिसरं कधी मिळेल?”

“ते आता माझ्या हातात नाही,” ती म्हणाली.

तिनं जुन्या सर्व्हरच्या पडद्याशेजारी आपला फोन ठेवून डोमाजीच्या फोनवरून फोटो काढला. दोन्ही वेळा एकाच चित्रात. मग कपाट उघडून जुन्या वह्या उपसल्या. चौथ्या वहीत तिचंच अक्षर होतं: “मा. वामनराव साहेबांच्या सांगण्यावरून सर्व्हरचं घड्याळ १२ मि. पुढे केलं.” खाली तारीख, खाली सही. पान फाडायला एक क्षण पुरला असता. तिनं ते फाडलं नाही, त्याची झेरॉक्स काढली. सर्व्हर नीट बंद केला, वायर काढली, ‘हात लावू नये’ असा कागद चिकटवला आणि ट्रस्टच्या अध्यक्षांच्या नावानं अर्ज लिहायला बसली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. दोन कागद वाया गेले. अर्जात तिनं सगळं लिहिलं, आपण भिंतीकडे पाहून हो म्हटलं तेही लिहिलं.

आवक रजिस्टर डोमाजीकडे असे. किसनरावांच्या टेबलावरून कागद गायब होऊ शकत होता, रजिस्टरातून नाही. डोमाजीनं अर्ज वाचला. हळूहळू, ओठ हलवत.

“ताई, यानं तुमची नोकरी जाईन ना?”

“जाईनही. मले लय भेव लागून राहिलं, डोमाजी. तू लवकर शिक्का मार बाप्पा.”

त्यानं रजिस्टर उघडलं. नंबर टाकला, तारीख टाकली. वेळेच्या रकान्यापाशी आल्यावर सवयीनं वर भिंतीकडे पाहिलं. “पाउन झाला. म्हंजे बारा तेहतीस,” असं पुटपुटत त्यानं बारा तेहतीस लिहिले आणि शिक्का मारला.

मग ती मागच्या व्हरांड्यात गेली, जिथे रक्तदात्यांना बिस्किटं देतात त्या बाकावर बसली, आणि अकोल्याला फोन लावला. सीमाचा नंबर तिच्याकडे होता. दोन वर्षांत एकदाही लावला नव्हता.

“हॅलो, कोन?”

“सीमा, मी प्रियदर्शनी. पेढीतली.”

तिकडे मिक्सर चालू होता. “बोला ताई.”

बोलायचं कुठून, हे वहीत लिहिलेलं नव्हतं. तिनं जसं सुचलं तसं सांगितलं. घड्याळ, सर्व्हर, चौकशी, आपली सही. माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द इतका लहान वाटला की तोंडातून निघाला नाही.

मिक्सर थांबला.

“किती मिनिटं पुढे होतं, ताई?”

“बारा.”

सीमा मनात हिशेब करत होती. दोन वर्षं तिला तीन छत्तीसशिवाय दुसरं काही आठवलं नसणार.

“म्हंजे चौदा,” ती म्हणाली.

“हो.”

“चौदा मिनिटांत देल्ली होती मी.” आवाज फोनपासून लांब गेला, जसं घरात कोणाला सांगतेय. मग अगदी हळू, स्वतःशी, “माह्यानं नाई मेली ते.”

प्रियदर्शनीनं फोन कानाला घट्ट धरला. तिकडून रडण्याचा आवाज येत होता आणि मधे मधे तोच आकडा, चौदा, चौदा. तिनं फोन ठेवला नाही. बाहेर किसनरावांची गाडी परत आल्याचा आवाज झाला, दार वाजलं, कोणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. ती तिथेच बसून ऐकत राहिली.