मेलेले मामा अकराव्या प्रकरणात

अकरा

दार ढकलून मामा आत आले. चपला काढल्या आणि म्हणाले, "घर विकायचं कुणी ठरवलं?"

अडचण एवढीच, की मामा तिसऱ्या प्रकरणात वारले होते.

वहिनीने हे दुपारच्या सुट्टीत लिहिलं, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यावर कागद ठेवून. घर विकायला नाही म्हणेल असं कादंबरीत दुसरं कुणी उरलंच नव्हतं. तिने समासात लिहिलं: (मामा मेले नाहीत. तीनमध्ये नुसते आजारी. नंतर बघू. पुढे.)

आणि ती पुढे गेली.

तीन

तिची थोरली नणंद छापखान्यात प्रुफं तपासते. घरातही तोच कारभार. वहिनीने लिहायचं, ताईंनी पेन्सिल फिरवायची, खुणा दुरुस्त झाल्याशिवाय पुढच्या पानाला हात लावायचा नाही. या शिस्तीत पहिली तीन प्रकरणं घासून घासून लखलखीत झाली. चौथं काही झालं नाही. म्हणून यंदा वहिनीने पानं दाखवणंच बंद केलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली, तर ताई तिच्याच पिशवीतली पानं घेऊन बसलेल्या.

"वहिनी, मेलेला माणूस चहा पितोय गं!"

"पिऊ दे. साखर कमी घातलीय."

"थट्टा पुरे. त्यांना आपण खांदा दिलाय. किती सुंदर झालं होतं ते प्रकरण! मी स्वतः रडले होते."

"तुम्ही स्वल्पविरामालाही रडता, ताई."

ताई हसल्या नाहीत. "आधी तिसरं नीट कर. पाया वाकडा ठेवून वर मजले चढवतेस?"

"तिसऱ्यात गेले की मी परत येत नाही. दर वेळी हेच होतं."

"आणि शेवटी कळलं, की मामा मेलेलेच बरे होते, तर?"

"तर तेव्हा मारेन. एकदाच. आज मारा, उद्या उठवा, परवा पुन्हा मारा. माणूस आहे की दिव्याचं बटण?"

"चूक डोळ्यांना दिसतेय. दिसत असून सोडायची?"

चूक तिलाही दिसत होती. हात शिवशिवत होता. मामांच्या मरणाचं ते पान, त्यातली ती उशी, ती खिडकी, सगळं पाठ होतं तिला. तासाभराचं काम. मग तासाचा आठवडा, आठवड्याचं वर्ष.

"सोडायची," ती म्हणाली. "शेवट लिहीपर्यंत सोडायची. तिसरं प्रकरण कसं हवं, ते शेवट सांगेल मला. तुम्ही नाही, मीही नाही."

"मग माझं काम काय?"

"पूर्ण झाली की सगळी देईन. एकदम. तेव्हा सोलून काढा, मी हूं की चूं करणार नाही. तोवर पिशवीला हात लावायचा नाही."

"मोठ्या नणंदेशी असं बोलतात?"

"बोलतात. आता बोलले ना!"

ताईंनी पानं टेबलावर आपटली. उठल्या मात्र नाहीत. वहिनीने समोरची खुर्ची ओढली आणि कोरा कागद पुढे घेतला.

बारा

पहिली ओळ वाईट होती. 'अचानक' दोनदा आलं होतं. ताईंनी उलट्या बाजूने वाचून जोरात सुस्कारा सोडला.

वहिनीने पुढच्या ओळीत तिसऱ्यांदा 'अचानक' लिहिलं.