गाडीला गोण्या

प्रेमदासनं नांदेडहून क्रूझर मोटारसायकल आणली, तेव्हा अख्ख्या बंजारा तांड्यानं तिला हात लावून पाहिला. सेकंडहँड होती, पण काय थाट तिचा! अंगानं लांबलचक, बसायला बुटकी, हँडल म्हशीच्या शिंगांसारखं पसरलेलं. त्यात ह्या गड्यानं हौसेहौसेनं पुढं काच लावली, पाठ टेकायला गादी लावली, चकाकणारे दोन आरसे लावले. गावातले उकंडराव एकदा बघतच उभे राहिले. "प्रेमदास, नाकापेक्षा मोती जड झाला की रे! हिच्यावर बसून शेताला जातोस का वरातीला?"

लोक हसले, प्रेमदासही हसला. पण बोल लागायचा तो लागलाच. कारण त्याचं घर तांड्याच्या टोकाला आणि पुढं सहा किलोमीटर नुसती दगडांची गाडवाट. तिथं त्या गाडीचा उपयोग काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

उपयोग निघाला त्याच्या बायकोमुळं. संगिता तांड्यातल्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. दोन वर्षं खेटे घालून तिनं गावतळं मासे पाळायला मागितलं, आणि २००६ साली पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ते गटाला मिळालं. अट एकच. ऑगस्ट सरायच्या आत तीन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, तळ्यात जिवंत पडली पाहिजेत. नाही पडली तर तळं उकंडरावांना, त्यांनीही ते मागितलं होतं.

पिल्लं मिळायची सिद्धेश्वर धरणाकडं, पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. बायकांनी टेम्पो केला. टेम्पो वाटेतल्या नाल्यात रुतला आणि दिवसभर उन्हात उभा राहिला. संध्याकाळी पिशव्या उघडल्या तर सगळी पिल्लं उताणी. संगितानं पिशव्या धुतल्या, घड्या घातल्या आणि चुलीपुढं जाऊन बसली. प्रेमदासला ते बघवेना.

"आता मी आणतो," तो म्हणाला.

"कशावर? त्या नवरीवर?"

"व्हय. तिच्यावरच."

सहा दिवस उरले होते. तो औंढ्याला मुन्ना वेल्डरकडं गेला. मुन्नानं डोकं खाजवलं. "फायबरचे डबे बसवून देतो, नटबोल्टनं घट्ट." प्रेमदासला ते पटलं होतं, पण घरी आल्यावर त्याच्या आईनं, रूपाबाईनं, हाणून पाडलं. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"नाला आला की डबे कसे काढशील?" याडीनं विचारलं. "पाना घेऊन बसशील पाण्यात?"

"मग काय करू?"

याडीनं पेटीतून एक जुनीपुराणी गोणी काढली. जाड विणीची, कडांना कवड्या, मधे पट्टा आणि दोन्हीकडं पिशव्या. "आपल्या म्हाताऱ्या माणसांनी असल्या गोण्या बैलांवर टाकून मीठ वाहिलं, धान्य वाहिलं. शंभर बैलांचा माल घडीभरात उतरायचा. काहून? ही बघ." तिनं पट्ट्यातली बाभळीची खुंटी दाखवली. खुंटी ओढली की दोन्ही बाजू मोकळ्या. गाठ नाही, पीळ नाही.

दोन दिवस घर नुसतं शिवणकामात बुडालं होतं. याडीनं गोणपाट आणि जुनी गोधडी जोडून खुंटीच्या दोन गोण्या शिवल्या, दोन्ही बाजूंना एकेक, पाणी शिंपडलं की थंड राहतील अशा. मुन्नानं गाडीला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडला. त्यासाठी पाठीची गादी काढावी लागली, चकाकणारा रंग खरवडावा लागला. वेल्डिंगची पहिली ठिणगी उडाली तेव्हा प्रेमदासनं तोंड फिरवलं. त्याला खरोखर वाईट वाटलं.

चाचणीला दोन लहान पिशव्या आणल्या. डावीकडची पिल्लं जिवंत, उजवीकडची निम्मी मेलेली. प्रेमदास डोकं धरून बसला. याडी मात्र गाडीभोवती फिरली आणि उजव्या बाजूच्या सायलेन्सरला बोट लावून चटकन मागं घेतलं.

"अरे येड्या, ही बाजू तापून राहिली. बैलाचं एक अंग तापलं तर गोण्या बदलायच्या, जनावराला दम खाऊ द्यायचा. एवढं बी सांगावं लागतं?"

दुधानं पोळलेला प्रेमदास ताकही फुंकायला शिकला. सायलेन्सरवर लाकडी फळी आली, फळीवर ओलं पोतं. दर पाच किलोमीटरला थांबायचं, खुंट्या ओढायच्या, डावी गोणी उजवीकडं, उजवी डावीकडं. पहिली खेप हजाराची, सगळी जिवंत. दुसरी हजाराची, सगळी जिवंत. आणि तिसरी निघाली थेट एकतीस तारखेला.

त्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला होता. नाल्याला कमरेएवढं पाणी. पलीकडं संगिता आणि चार बायका उभ्या. प्रेमदासनं गाडी काठावर लावली, दोन खुंट्या ओढल्या आणि भरलेल्या गोण्या खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला. एक संगितानं मधूनच घेतली. मग सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबून गाडी बायकांनी दोर लावून ओढली. पुढची चाकाएवढी काच पाण्याच्या जोरानं निघून वाहून गेली, एक आरसाही गेला. प्रेमदासनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. गोण्या पुन्हा सांगाड्यावर बसल्या, खुंट्या ठोकल्या आणि गाडी सुरू झाली ती पहिल्याच झटक्याला.

तळ्यावर गाव जमलं होतं. ग्रामसेवक वही घेऊन बसलेला, शेजारी उकंडराव. प्रेमदासनं गोण्यांसकट पिशव्या पाण्यात सोडल्या.

"उघडा की," ग्रामसेवक म्हणाला. "दिवस मावळून राहिला."

"न्हाई," संगिता म्हणाली. "पिशवीतलं पाणी अन् तळ्यातलं पाणी सारखं थंड होऊ द्या. घाई केली तर लेकरं मरतील."

सगळे थांबले. अर्धा तास कुणी हललं नाही. मग संगिता गुडघाभर पाण्यात उतरली, पिशवीचं तोंड सोडलं आणि हळूच तिरकी केली. आधी काहीच दिसेना. मग पिल्लांचा एक काळा झुपका बाहेर पडला, क्षणभर घुटमळला आणि पसरत खोल पाण्याकडं गेला. त्याच्या मागं दुसरा, मग तिसरा. दुसरी पिशवीही तशीच रिकामी झाली.

उकंडराव उठले. धोतर वर खोचून पाण्यात उतरले आणि काठाकाठानं पाणी बघत फिरले. उताणं पिल्लू शोधत होते, हे सगळ्यांना कळत होतं. बराच वेळ फिरले. शेवटी ओलेत्या पायांनी वर आले आणि ग्रामसेवकाच्या पुढ्यात उभे राहिले.

"लिव्हा," ते म्हणाले. "तळं बायकांचं. मी बघितलं, एक बी मेलं न्हाई."

ग्रामसेवकानं लिहिलं. संगितानं सही केली, तिच्या ओल्या हातानं कागद भिजला, तरी अक्षर ठसठशीत आलं.

उकंडराव मग प्रेमदासच्या गाडीजवळ गेले. काच गेलेली, आरसा एकच, रंग खरवडलेला, सगळीकडं चिखल. त्यांनी खुंटी हातात घेऊन बघितली. आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या शेततळ्याला बी पिल्लं आणायची हायेत. तुझी गाडी येईल का?"

प्रेमदासनं संगिताकडं बघितलं.

"येईल," संगिता म्हणाली. "पण आधी आमच्या याडीला इचारा. गोण्या तिच्या हायेत."

आणि गावच्या पाटलांएवढा मान असलेले उकंडराव ओल्या धोतरानिशी तांड्याच्या वाटेला लागले.